शेडला नव्हे, चराईला आधार द्या : पशुसंवर्धन आयुक्तांना एका शेळीपालकाचं खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त, पशुसंवर्धन,
महाराष्ट्र राज्य, पुणे

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी तुळजापूर तालुक्यातला शेळीपालक आहे. घरच्या उस्मानाबादी शेळ्या आहेत. शिवाय गावातल्या आणि आसपासच्या शेळीपालकांची कर्जप्रकरणं, विम्याचे कागद, योजनेचे अर्ज भरून देण्याचं काम बरीच वर्षं करतो आहे. त्यामुळे या धंद्याचे आकडे एका घराचे नाही, अनेक घरांचे माझ्या हातातून जातात. त्या आकड्यांच्या जोरावरच हे लिहितो आहे.

आमच्या भागात शेळीपालनासाठी बांधलेल्या पत्र्याच्या शेड उभ्या आहेत आणि त्यातल्या कितीतरी रिकाम्या आहेत. लोखंडी गव्हाणी गंजल्यात, कडबाकुट्टी यंत्रावर पोती टाकलीत. कुठे त्या शेडमध्ये सोयाबीन साठवतात, कुठे ट्रॅक्टर लावतात. शेळीपालन बंद झालं, कर्ज मात्र चालू आहे. आणि त्याच गावात, कुठल्याही योजनेत नाव नसलेली एखादी मावशी वीस-पंचवीस शेळ्या घेऊन रोज सकाळी माळावर जाते आणि त्यावर तिचं घर चालतं. हा फरक नशिबाचा नाही, मेहनतीचाही नाही. शेडवाल्या पोरांनी काही कमी कष्ट केले नाहीत. फरक हिशोबाचा आहे, आणि तो हिशोब तुमच्या योजनांच्या प्रकल्प अहवालात चुकीचा मांडला जातो.

तो इथे मांडतो. दर आमच्या भागातले आहेत. तुम्ही ते थोडे कमीजास्त करून बघा, निष्कर्ष फारसा हलत नाही.

बत्तीस किलोची शेळी पूर्ण बंदिस्त ठेवली तर तिला रोज साधारण सव्वा किलो कोरडा खाद्यांश (चाऱ्यातलं पाणी वगळून उरणारं खाद्य) लागतो. म्हणजे पाव किलो खुराक (धान्य-पेंडीचं मिश्रण), सहाशे-सातशे ग्रॅम तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट आणि दोन किलो हिरवा चारा. खुराक ३० रुपये किलो, भुसकट ८ रुपये, हिरवा चारा अडीच रुपये धरला तर रोजचे १८ रुपये होतात. वर्षाचे ६,५७० रुपये. हा फक्त शेळीच्या तोंडचा घास. दोन वर्षांत तीन वेत मिळाले, दर वेताला सरासरी दीड करडू धरलं आणि मरतुक वजा केली, तर वर्षाला दोन करडं हाती येतात. सहा महिन्यांत १८ किलोचं करडू आणि जिवंत वजनाला ३५० रुपये किलो भाव धरला, तर दोन करडांचे १२,६०० रुपये. त्यातून करडांच्या खाद्याचे ३,००० आणि आईचे ६,५७० गेले. राहिले ३,०३० रुपये. शंभर शेळ्यांमागे एक गडी, महिना १२,००० रुपये, म्हणजे शेळीमागे १,४४० रुपये. अनुदान वजा जाऊनही शेडची घसारा-दुरुस्ती आणि कर्जाचं व्याज शेळीमागे हजाराच्या आत येत नाही. लस, जंतनाशक, विमा मिळून ५००. हातात उरतात ९० रुपये. शंभर शेळ्यांच्या फार्मला वर्षाकाठी नऊ हजार! यात पैदाशीच्या बोकडाचा खर्च धरलेला नाही. पुढच्या पिढीसाठी राखून ठेवलेल्या पाटी, म्हणजे तरुण माद्या, विकल्या जात नाहीत, तेही धरलेलं नाही. आणि एखाद्या पावसाळ्यात पीपीआरची, शेळ्यांच्या त्या जीवघेण्या रोगाची, साथ शिरली तर काय होतं, ते तुमच्या खात्याला मी सांगायची गरज नाही.

आता चराईची शेळी बघा. ती कमी देते, हे मी लपवत नाही. वर्षाला दोनऐवजी सरासरी १.६ करडं धरा, आणि सहा महिन्यांचं करडू १८ ऐवजी १५ किलोचं. उत्पन्न ८,४०० रुपये, म्हणजे बंदिस्त शेळीच्या दोन तृतीयांश. पण खर्चाची बाजू अगदी वेगळी आहे. पन्नास शेळ्यांमागे एक राखणारा, त्याला तोच १२,००० रुपये पगार, म्हणजे शेळीमागे २,८८०. गाभणपणाचा शेवटचा दीड महिना आणि व्याल्यानंतरचे पहिले दोन महिने एवढाच काळ खुराक दिला तर ९०० रुपये. झडीचे दिवस आणि उन्हाळ्यातली ओढ यासाठी ७०० रुपयांचा चारा. औषध, लस, विमा ४००. वाडा आणि जाळी २००. एकूण ५,०८०. शेळीमागे ३,३२० रुपये उरतात, राखणाऱ्याचा पगार देऊन. आणि राखणारा घरचाच असेल, जसा तो बहुतेक घरांत असतो, तर पगाराचे पैसेही घरातच राहतात.

म्हणजे जास्त करडं, जास्त वजन देणारी शेळी ९० रुपये देते आणि कमी देणारी ३,३२० रुपये. याचं कारण समजून घेतलं की पुढचं सगळं धोरण आपोआप उलगडतं. शेळी वर्षभर जे खाते त्यातला निम्म्याहून अधिक भाग तिचा जीव राखण्यात जातो. त्यातून ना मांस तयार होतं, ना दूध. हा जगण्यापुरता चारा जेव्हा बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, हिवराच्या शेंगा, बांधावरचं गवत, काढणीनंतरच्या तुरीच्या रानातली पानगळ यातून येतो, तेव्हा त्याची किंमत फक्त राखणीची असते. तोच चारा पोत्यातून यायला लागला की धंदा संपला. विकत घेतलेला घास फक्त वाढणाऱ्या जनावराला परवडतो, नुसत्या जगणाऱ्या जनावराला नाही.

शेळीचा स्वभावही यात येतो. ती गाय-म्हशीसारखी एका जागी मान घालून खाणारी नाही. शेंडा खुडते, पुढे जाते, मागच्या दोन पायांवर उभी राहून बोरीच्या वरच्या फांदीचा पाला ओढते. गव्हाणीत टाकलेल्या चाऱ्यातली पानं निवडून खाते आणि काड्या ठेवते. चारा एकदा खाली पडला, त्यावर पाय किंवा लेंडी पडली, की त्याला तोंड लावत नाही. प्रकल्प अहवालात दोन किलो हिरवा चारा लिहिलेला असतो, प्रत्यक्षात तेवढा पोटात जावा म्हणून अडीच-तीन किलो टाकावा लागतो. ही नासाडी कुठल्याही अहवालात मी आजवर पाहिलेली नाही.

बंदिस्त पालनाच्या प्रशिक्षणांत परदेशातल्या फार्मचे फोटो दाखवतात. म्हणून तिकडचंही खरं सांगायला हवं. अमेरिकेत नेब्रास्का, कॅन्सस, टेक्सास या राज्यांत मांसाच्या गुरांचे प्रचंड फीडलॉट, म्हणजे जनावरं कोंडून धान्यावर पोसण्याचे तळ आहेत, एकेका ठिकाणी हजारो जनावरं. पण तिथेही गाय फीडलॉटमध्ये नसते. गाय आणि तिचं वासरू कुरणावर असतात. वासरू दूध सुटेपर्यंत आणि पुढेही बरेचदा काही महिने गवतावरच वाढतं. साधारण ३०० किलोच्या पुढे गेल्यावर ते फीडलॉटमध्ये येतं आणि शेवटचे चार ते सहा महिने मक्यावर तयार होतं. मका महागला की तिकडचे लोक वासरं गवतावर आणखी काही दिवस ठेवतात, म्हणजे दावणीचे दिवस कमी होतात. आणि ज्यांना शेवटपर्यंत गवतावरच जनावर तयार करायचं असतं, त्यांना जास्त महिने सांभाळावं लागतं, म्हणून ते मांस चढ्या भावाने विकतात. मक्याचा एवढा मुबलक पुरवठा असलेल्या देशालाही आईला विकतचं खाऊ घालणं परवडत नाही. आणि आपण पर्जन्यछायेतल्या तालुक्यांत शंभर शेळ्या आयुष्यभर दावणीला बांधायला कर्ज देतो.

मका तर आपल्याकडे कायम स्वस्त राहील, याचीही खात्री नाही. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने निर्बंध आणले आणि मक्याकडे मागणी वळली. हमीभावही २०२४-२५ मधल्या २,२२५ रुपयांवरून २०२५-२६ ला २,४०० रुपये क्विंटल झाला. मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याला चार पैसे मिळाले याचा मला आनंदच आहे, माझ्या भावकीतलेच लोक मका करतात. पण बंदिस्त शेळीपालनाचे जे अहवाल जुन्या दराने बँकेत पडून आहेत, त्यांचं काय?

योजनांकडे येतो. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या उद्योजकता घटकात १०० शेळ्या आणि ५ बोकडांपासून ५०० शेळ्या आणि २५ बोकडांपर्यंतच्या फार्मला भांडवली खर्चाच्या ५० टक्के, कमाल ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. भांडवली खर्च म्हणजे मुख्यतः शेड, जाळ्या, यंत्रं आणि जनावरं. चाऱ्याची व्यवस्था अहवालात एका परिच्छेदात उरकलेली असते. राज्याच्या १० शेळ्या आणि १ बोकड या योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ५० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लाभार्थ्याला ७५ टक्के अनुदान आहे. ही योजना मला मनापासून चांगली वाटते, कारण ती गरिबाच्या दारात शेळी नेते. पण त्या शेळीनं चरायचं कुठे, याचं उत्तर या योजनांत नाही. २०२५ मध्ये राज्याने पशुसंवर्धनाला कृषीसमकक्ष दर्जा दिला. स्वागतच आहे. मात्र वीजदर आणि कर्जाच्या सवलतीचा फायदा ज्याच्याकडे मीटर आणि तारण आहे त्याला आधी होणार. माळावरच्या मावशीकडे दोन्ही नाही.

२०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात एक कोटी सहा लाखांच्या आसपास शेळ्या आहेत. यातल्या बहुतेक भूमिहीन आणि अल्पभूधारकांच्या घरी आहेत आणि त्या चरूनच जगतात. महाराष्ट्राचं बोकडाचं मटण आजही मुख्यतः याच शेळ्यांतून येतं. तरी त्यांच्या चराईचं रान दरवर्षी कमी होतंय. जमीन महसूल संहितेच्या कलम २२ नुसार गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते, तीच आपली गायरानं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनी वाचवण्याचे स्पष्ट आदेश राज्यांना दिले. तरी अतिक्रमणं आहेतच, आणि आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये सौर प्रकल्पांसाठी गायरानं दिली जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. रात्री-अपरात्री मोटार चालू करायला जाणारे आम्हीच आहोत. पण गायरान देताना त्या गावात किती शेळ्या-मेंढ्या त्यावर जगतात, हे तुमच्या खात्याला कुणी विचारतं का? पशुधन विकास अधिकाऱ्याचा अभिप्राय त्या फायलीत असतो का? काही देशांत सौर पॅनेलखाली मेंढ्या चारतात, ते आपल्याकडेही करून बघता येईल. शेळ्या मात्र तिथे चालणार नाहीत, त्या पॅनेलवर चढतात आणि वायरी कुरतडतात. म्हणजे शेळीसाठी वेगळी जागा राखून ठेवावीच लागेल.

वन विभागाचा आणि जलसंधारणवाल्यांचा आक्षेप मला माहीत आहे : शेळी झाड मारते. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली आणि गावं हिरवी झाली, हे खरंच आहे. पण तिथे पाणी आलं, चारा कापून आणून गायी पोसता आल्या, दूध वाढलं. ज्या गावात तेवढं पाणी नाही आणि ज्याच्याकडे कापून आणायला स्वतःचा बांधही नाही, त्याला चराईबंदी म्हणजे शेळ्या विकून ऊसतोडीला जाणं. केंद्राने डॉ. सी. एच. हनुमंत राव यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कार्यगटाने शेळ्या-मेंढ्यांच्या पर्यावरणावरच्या परिणामाचा अभ्यास करून १९८७ साली अहवाल दिला होता, आणि माळरानं उजाड होण्याचं खापर त्यानेही शेळीवर फोडलं नाही. मोकाट चराईने नुकसान होतं हे मी मान्य करतो, कारण आमच्याच माळावर मारवेल आणि पवना ही चाऱ्याची चांगली गवतं मागे पडून निकस कुसळी वाढलेली मी रोज बघतो. त्यावर उपाय पाळीपाळीने चराई हा आहे. गायरानाचे तीन-चार भाग पाडायचे, पहिल्या पावसानंतर त्यातले एक-दोन भाग बी धरेपर्यंत बंद ठेवायचे, बाकीचे उघडे. कुणी नवं शोधून काढायची गरज नाही, जुन्या मेंढपाळांना हे ठाऊक आहे. पण कुंपण घालायला, बी टाकायला आणि राखण्याला पैसा लागतो. आणि आज गायरानाच्या कुंपणाला पैसा मिळणं अवघड, शेडच्या पत्र्याला मात्र लाखो मिळतात.

दावणीला बांधूच नका असं मी म्हणत नाही. बांधा, पण करडू बांधा, आई नको. तीन महिन्यांनी दूध तुटलं की नर करडं वेगळी काढून नव्वद दिवस खुराकावर तयार करायची. माळावर फिरणारं करडू या काळात दिवसाला साधारण ५५ ग्रॅम वाढतं, खुराकावरचं ९५ ग्रॅमपर्यंत जातं. तीन महिन्यांत साडेतीन किलोचा फरक, म्हणजे १,२२५ रुपये. त्यासाठी साडेबावीस किलो खुराकाचे ६७५ आणि चाऱ्याचे ३०० रुपये लागतात. करडामागे अडीचशे रुपये सुटतात. नफा बारीक आहे, मी तो फुगवून सांगणार नाही. खुराक घरच्या मक्याचा, तूर चुनीचा आणि सरकी पेंडीचा केला तर थोडा वाढतो. खुराक एकदम वाढवला तर मात्र पोट बिघडतं आणि आंत्रविषार हा आतड्याचा जीवघेणा रोग उठतो, म्हणून पहिले दहा-पंधरा दिवस हळूहळू वाढवावा लागतो आणि लस आधी टोचलेली असावी लागते. आमच्याकडे ती लस बरेचदा पाऊस पडून गेल्यावर येते. मे महिन्यात आली तर कितीतरी करडं वाचतील.

पण हे अडीचशे रुपयेसुद्धा शेळीपालकाच्या खिशात पोचतात का, ते आठवडी बाजारात येऊन बघा. व्यापारी करडाची कंबर दोन बोटांनी दाबतो, पुढचे पाय धरून किंचित उचलतो, ओठ वर करून दात बघतो. मग हात रुमालाखाली जातो आणि बोटांवर भाव ठरतो. त्याचा अंदाज अर्ध्या किलोनं चुकत नाही, कारण तो रोज कापणाऱ्याला माल देतो. विकायला आलेल्या बाईला मात्र आपल्या करडाचं वजन माहीतच नसतं. दोन किलो कमी धरले की सातशे रुपये गेले, आणि नव्वद दिवसांचा खुराक व्यापाऱ्यानं खाल्ला. असा अनुभव एकदा आला की ती पुन्हा करडाला खुराक घालत नाही, आणि तिचं काही चुकत नाही. बाजार समितीच्या आवारात एक पिंजऱ्याचा वजनकाटा आणि भावाचा फळा, एवढ्यानं खुराकावर करडं तयार करण्याचा हिशोब जमतो. एका शेडच्या अनुदानात एका जिल्ह्याच्या बाजारांतले काटे होतील.

काटा असला की विक्रीची वेळही साधता येते. आखाडात भाव चढतो, श्रावणात पडतो. बकरी ईदला वर्ष पूर्ण झालेला, शक्यतो दोन दाती, अंगावर व्यंग नसलेला बोकड लागतो आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. चराईवरचं जनावर महिनाभर थांबवायला फारसं काही लागत नाही. बंदिस्त फार्मवाला थांबू शकत नाही, त्याचं रोजचं खाद्य चालू असतं, म्हणून तो पडत्या भावात विकतो. देवनारच्या ईदच्या बाजारात राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून बोकडं येतात, लाखावर. त्यात आपल्या उस्मानाबादीचा, संगमनेरीचा वाटा वाढवायचा असेल, तर आधी बारा-चौदा महिने जनावर स्वस्तात उभं ठेवता आलं पाहिजे, आणि ते माळावरच जमतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात राज्याकडून जाणाऱ्या शिफारशींत चराईवर आधारित कळपांना, गटाने अर्ज केला तरी, जागा मिळावी यासाठी केंद्राकडे पाठपुरावा करा. वैरण विकासाचा पैसा फक्त नेपियर आणि मुरघासात न जाता गायरानाच्या कुंपणाला, मारवेल-पवन्याच्या बियाण्याला, आणि बांधावरच्या शेवरी, हादगा, अंजन यांच्या लागवडीला जाऊ द्या. रोजगार हमीतून ही झाडं लावता येतात. गायरान दुसऱ्या कामाला देण्याआधी तुमच्या तालुक्याच्या अधिकाऱ्याचा लेखी अभिप्राय बंधनकारक करण्याचा प्रस्ताव महसूल विभागाकडे पाठवा. वनहक्क कायदा २००६ मध्ये चराईचा हक्क, भटक्या पशुपालकांचाही, लिहिलेला आहे. तो सामूहिक दाव्यांत मागायला तुमच्या खात्याने गावांना मदत केली तर ते खातं आमचं वाटेल. आणि चरायला जाणाऱ्या शेळीच्या विम्याचा दावा नाकारला जाऊ नये. माळावर साप चावून मेलेल्या शेळीचे कागद घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि मला त्यांना काही सांगता येत नाही.

हे सगळं व्हायला वेळ लागेल, हे मला कळतं. तोवर एक गोष्ट तुमच्या सहीनं पुढच्या महिन्यात होऊ शकते. शेळीपालनाच्या प्रकल्प अहवालाच्या नमुन्यात एक रकाना घाला : शेळीच्या वर्षभराच्या चाऱ्यापैकी किती चारा विकत घेणार, आणि आजच्या दराने त्याचे किती रुपये होतात. तो भरल्याशिवाय अर्ज पुढे जाऊ देऊ नका. आमच्या भागात पुढचे अर्ज भरायची वेळ आली आहे, आणि तीन तरुण माझ्याकडे शंभर शेळ्यांच्या शेडचे कागद घेऊन येऊन गेले आहेत. त्यांना मी थांबायला सांगितलं आहे. आपलं लेखी उत्तर आलं, तर ते त्यांना दाखवीन.

आपला विश्वासू,
तुळजापूर तालुक्यातील एक शेळीपालक